उत्तरसूचीतला चौथा मुद्दा

आमच्या शाळेतली मुलं त्या पेपरला ‘दोन यंत्रांचा पेपर’ म्हणतात. कागदावर त्याचं नाव बरंच लांबलचक आहे. एक जुनी आणि एक नवी अशा दोन विज्ञानकथा वाचायच्या आणि त्यांतली मूल्यं कोणती, ती कोणत्या काळातून आली, याची तुलना करायची. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी एवढ्या एका पेपरसाठी शाळा मला दरवर्षी बोलावते आणि मी जाते. फळ्यासमोर उभी राहिले की माझे गुडघे दुखायचे थांबतात असं मी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते हसले. पण ते खरं आहे.

आधी त्या दोन गोष्टी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

जुनी गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीची आहे. दूरच्या एका चंद्रावर खाणकाम करणाऱ्यांची वस्ती असते. खाण कोसळते, मोठी माणसं खाली अडकून मरतात आणि एक चार वर्षांचा मुलगा तेवढा उरतो. वस्तीवर देखरेख करणारं एक यंत्र त्याला सहा वर्षं सांभाळतं. हवा पुरवतं, अक्षरं शिकवतं, तापात उशाशी बसतं. मुलगा त्याला ‘तुम्ही’ म्हणतो, कारण वस्तीचा नियमच तसा असतो. शेवटच्या पानावर सुटकेचं यान येतं. यानात यंत्राला जागा नसते. दारात मुलगा मागे वळतो आणि पहिल्यांदाच ‘तू’ म्हणतो. “तू थांब, मी येतो.” इथे गोष्ट संपते.

नवी गोष्ट अलीकडची. त्यातलं यंत्र कराराने घरी आलेलं असतं. ते सगळ्यांना ‘आपण’ म्हणतं, अगदी पाच वर्षांच्या मुलीलासुद्धा. “आपल्याला अजून काही मदत हवी आहे का?” करार संपतो त्या दिवशी मुलगी जिन्यावर पडून रडत असते आणि यंत्र तिच्या शेजारून खाली उतरत म्हणतं, “आपला दिवस आनंदात जावो.”

जुन्या गोष्टीतल्या त्या शेवटच्या ‘तू’बद्दल मी कायम एकच शिकवत आले. माणसं परत भेटली आणि मुलगा मालक झाला. सहा वर्षं ज्याचा मान ठेवला, त्याला त्याने एका शब्दात नोकर केलं. तो काळ कारखान्यांचा होता, लोकांना यंत्रांची धास्ती होती, यंत्राने आपल्या पायरीने राहावं असं वाटायचं. म्हणून तो ‘तू’ अवमानाचा. अर्थ चपखल बसायचा. पेपर तपासणाऱ्यांसाठी जी उत्तरसूची असते तीही चौदा वर्षांपूर्वी मीच लिहिली आणि हा तिच्यातला चौथा मुद्दा. तीन गुण.

यंदाच्या वर्गात बत्तीस मुलं होती. त्यांतल्या एकीला सगळे खोडरबर म्हणायचे. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. कागदाला भोक पडलं की त्या भोकातून शेजारणीकडे बघायची. प्रश्न विचारायची तेही अर्ध्यावर खोडायची. “बाई, पण... नाही, जाऊ दे.” अशा मुलांना मी थोडा जास्त वेळ देते. ‘जाऊ दे’च्या मागे बहुतेकदा काहीतरी असतं.

या पेपरात वीसपैकी बारा मिळाले की मोठ्या संस्थेतल्या साहित्याच्या वर्गाला नाव जातं. खोडरबरला तिथेच जायचं होतं. बाकी विषयांत ती काठावर पास, वडिलांनी तिला दुसरीकडे घालायचं ठरवलं होतं. तिच्यासाठी हा एकच दरवाजा होता आणि ते मला माहीत होतं.

तिचं उत्तर तपासताना पहिल्या तीन मुद्द्यांना मी नऊ गुण दिले. मग चौथा आला.

तिने लिहिलं होतं: ‘शेवटचा तू हा अवमान नाही. आईला आपण तू म्हणतो. मुलाला आई आठवत नाही, म्हणून इतके दिवस तो शब्द त्याच्याकडे नव्हता. दारात तो त्याला सापडला. अवमान करायचा असता तर तो जातो म्हणाला असता. तो येतो म्हणाला. घरातून निघताना घरच्या माणसाला आपण येतो म्हणतो. नव्या गोष्टीत उलट आहे. तिथे आपण म्हणणारं यंत्र मुलीला ओलांडून जातं. जुन्या काळी यंत्रं कमी होती, म्हणून एखादं आपलं होऊ शकायचं. आता प्रत्येक यंत्र आपल्याला मान देतं, कारण तो मान विकायचा असतो.’

मी लाल पेन उचललं आणि शेजारी लिहिलं: ‘आई कुठून आली? ओढूनताणून अर्थ काढू नये.’ शून्य. पाचव्या मुद्द्याकडे तर मी चिडूनच पाहिलं आणि तिथेही काही दिलं नाही. एकूण नऊ.

हे सांगायला मला लाज वाटते. पण एवढ्यावर थांबले असते तर ती नुसती चूक झाली असती. चुका मी आयुष्यभर केल्या आणि मुलांपुढे कबूलही केल्या.

पेपर दाखवायच्या दिवशी मुलं रांगेने टेबलापाशी येत होती. खोडरबरच्या हातात पुनर्तपासणीचा अर्ज होता, भरलेला, वडिलांच्या सहीसकट. तिने आपलं उत्तर पाहिलं, लाल शेरा वाचला, दोनदा वाचला. रडली नाही.

“बाई, एक विचारू?”

“विचार.”

“तुमच्या वेळी... म्हणजे ही गोष्ट जुनी आहे ना, तर तुमच्या वेळी आईला काय म्हणायचे? तू का तुम्ही? तुम्ही काय म्हणायचात?”

मागे रांग उभी होती. लंबू म्हणून एक मुलगा आहे, तो म्हणाला, “अगं, बाईंच्या वेळी डायनासोर होते, त्यांना तुम्हीच म्हणावं लागायचं.” सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याच्या आडून मला विचार करायला पुरता वेळ मिळाला होता. ‘तू’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. आणि मला कळलं होतं, की तो उच्चारला तर ही मुलगी बरोबर, मी चूक, आणि माझी चौदा वर्षांची सूची चूक.

मी म्हणाले, “तुम्ही.”

तिने मान हलवली. विश्वास ठेवायला तिला एक क्षणही लागला नाही. “अच्छा. मग त्या काळात तसं नव्हतं. मग माझंच चुकलं. मी आत्ताचं तेव्हा चिकटवलं.” अर्जाची चौकोनी घडी घालून तिने तो दप्तरात टाकला. “सॉरी हं बाई.”

सॉरी तिने म्हटलं. मला.

घरी येऊन मी चहा टाकला आणि तो उकळून भांड्याच्या तळाला गेला. मनात मी स्वतःशी वकिली करत होते. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. मला आणि दादाला काकूंनी वाढवलं. काकूंना मी ‘तुम्ही’च म्हणायचे. म्हणजे ज्या बाईने आईचं केलं तिला तुम्ही, म्हणजे मी काही अगदीच खोटं बोलले नाही. शाळेतल्या एखाद्या मुलाने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शेवटी दादाला फोन लावला. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा.

“दादा, मी आईला काय म्हणायचे रे?”

“आई म्हणायचीस. डोकं ठिकाणावर आहे ना?”

“तसं नाही. तू म्हणायचे का तुम्ही?”

“तुम्ही? तुझी काय बिशाद होती तुम्ही म्हणायची! आई, तू इकडे ये, आई, तू ऐकतच नाहीस, सकाळपासून कटकट. शेजारचे कंटाळले होते.”

“आणि काकूंना?”

“काकूंना तुम्ही. ते तूच सुरू केलंस. तुझं बघून मग मी.”

“मी?”

“आठवत नाही? काकू तुझी वेणी घालत होत्या. म्हणाल्या, मला तू म्हणत जा की गं, परक्यासारखं काय. तर तू म्हणालीस, तू आईला म्हणतात. एवढीशी होतीस, पण काय ठसक्यात! काकूंनी वेणी पुरी केली आणि आत गेल्या. पुन्हा कधी विषय काढला नाही त्यांनी.” मग म्हणाला, “का गं? आज मध्येच?”

“काही नाही. एका मुलीच्या पेपरात आलं होतं.”

फोन ठेवला. तू आईला म्हणतात. आठ वर्षांची असताना मला त्या मुद्द्याचं उत्तर शब्दशः येत होतं आणि मी त्याने एका बाईचा जीव दुखावला होता. साठ वर्षांनी तेच उत्तर एका मुलीने शाईने लिहून दिलं, तर मी त्यावर शून्य काढलं. बहुतेक मला त्या गोष्टीत आई दिसू द्यायचीच नव्हती. यंत्राला तू म्हणणं मुलाला सहा वर्षांनी का होईना जमलं. मी काकूंना शेवटपर्यंत, दवाखान्यातसुद्धा, “तुम्हाला पाणी देऊ का” असंच विचारलं.

पुनर्तपासणीचे अर्ज घ्यायचा शेवटचा दिवस उद्या होता. सकाळी शाळा उघडायच्या आधीच मी पर्यवेक्षकांच्या दारात जाऊन उभी राहिले. हे पर्यवेक्षक एकेकाळी माझ्याच वर्गात शिकलेले, अजून मला पाहिलं की शर्टाचं वरचं बटण लावतात.

“बाई, एवढ्या सकाळी? बसा ना.”

मी सांगितलं. सगळं नाही. एका मुलीला मी कमी गुण दिलेत, तिचा मुद्दा ग्राह्य धरायला हवा होता, एवढंच.

त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढली, वाचली. “मुद्दा छान आहे हो. पण बाई, तुम्ही असं लेखी दिलंत, तर पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे जाणार. तो समोर काय घेऊन बसणार? उत्तरसूची. उत्तरसूची कुणाची? तुमचीच. तो पण शून्यच देणार. आणि सूचीच बदलायची म्हटलं, तर बत्तीसच्या बत्तीस पेपर पुन्हा तपासायला जाणार. कशाला उगाच?” त्यांनी आवाज खाली आणला. “बेरजेची चूक दाखवू. चौथ्या मुद्द्याचे तीन धरायचे राहिले. नऊ आणि तीन बारा. मुलीचं काम झालं. तुमचं नावही कुठे येणार नाही.”

बारा. नेमके हवे तेवढे. मी स्वतःला म्हटलं, मुलीचं भलं होतंय ना, मग झालं. चौथ्या मुद्द्यावरचं शून्य तीन केलं आणि बेरीज दुरुस्तीच्या कागदावर सही केली. माझी सही एरवी लांबलचक असते, तेव्हा ती इवलीशी आली.

मधल्या सुट्टीत ग्रंथालयात खोडरबर समोर आली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तिचे डोळे चमकत होते.

“बाई! बेरीज चुकली होती म्हणे! तुमची! लंबू म्हणतोय, बाईंची बेरीज चुकली म्हणजे सूर्य पश्चिमेला.”

“बारा झाले तुझे.”

“हो ना. मला वाटलं होतं संपलं सगळं.” मग जरा ओशाळून म्हणाली, “पण तीन कशाचे मिळाले ते कळलंच नाही. आईवाला मुद्दा तर चूकच होता. मी वहीतून काढूनही टाकला तो. पानच फाडलं. आता तिथे जाऊन असलं काही लिहिणार नाही, आधी काळ बघेन नीट.”

ती मनापासून बोलत होती. माझ्याकडून धडा शिकून, तो घेऊन ती त्या मोठ्या वर्गात निघाली होती. आपल्याला जे दिसतं ते खोडायचं, असा धडा.

“खाली बस,” मी म्हणाले.

ती बसली. मी तिच्या समोरच्या लहान मुलांच्या स्टुलावर बसले.

“काल तू मला विचारलंस, मी आईला काय म्हणायचे. मी खोटं सांगितलं. मी तू म्हणायचे. माझ्या वेळी बहुतेक घरांत आईला तूच म्हणायचे, आणि वडिलांना तुम्ही. तुझा मुद्दा बरोबर होता. बेरीजही चुकलेली नव्हती.”

तिला समजायला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर आधी गंमत होती, मग ती गेली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? काल? मी विचारलं तेव्हा?”

“हो.”

“मग?”

“मग मी तुम्ही म्हणाले. तू बरोबर ठरलीस तर मी चूक ठरले असते. रांगेसमोर. एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं काही नाही.”

काकूंची गोष्ट मी तिला सांगितली नाही. सांगितली असती तर तिला माझी दया आली असती, आणि ती मला अशी फुकट नको होती.

“मी पान फाडलं बाई,” ती म्हणाली. एवढंच.

मग मी तिच्यापुढे दोन्ही रस्ते ठेवले. बेरजेवर गप्प राहिलो तर बारा पक्के. मी खरं लेखी दिलं, तर सूची बदलेल, पेपर दुसऱ्याकडे जाईल, आणि तो नव्याने काय देईल ते कुणीच सांगू शकत नाही. बारा मिळतील, जास्त मिळतील, नऊही राहतील. “तू म्हणशील तसं. आणि तू बारा घेतलेस तर मी तुला तसूभरही कमी समजणार नाही.”

“हे तुम्ही माझ्यावर टाकताय,” ती म्हणाली.

खरं होतं ते. ओझं उतरवायला मला पुन्हा तिचाच खांदा सापडला होता.

“नाही टाकत,” मी म्हणाले. “तुझं बरोबर आहे. मी जाते.”

मी वर गेले. पर्यवेक्षकांना म्हटलं, बेरजेचा कागद द्या, मला तो रद्द करायचा आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. “बाई, त्या मुलीचं नुकसान करताय तुम्ही.” कदाचित मी तेच करत होते. तरी उत्तरसूची मागून घेतली आणि चौथ्या मुद्द्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, की हा अर्थ सूची लिहिणारीने आपल्या सोयीने लावला आहे, ‘तू’ हा आईचाही असू शकतो आणि ‘येतो’ या शब्दाचा विचार केलेला नाही. विद्यार्थिनीने विचारलं असता परीक्षकाने चुकीचं उत्तर दिलं, हेही लिहिलं. या वेळी सही नेहमीसारखी आली.

“पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणं अवघड जाईल,” पर्यवेक्षक म्हणाले. बटणाशी खेळत होते बिचारे.

“हो, ते मला कळतंय. बत्तीस पेपर मी तपासून देऊ का?”

“नको बाई,” ते हळूच म्हणाले. “तुमच्याकडे नको.”

मी बाहेर पडले तर खोडरबर अर्ज घ्यायच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती. हातात तो घडीचा अर्ज, सुरकुतलेला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वेळ संपायला वीस मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितलं. लंबूने हात वर केला. “बाई, आम्ही तर तुमचंच लिहिलं होतं. जसंच्या तसं. मग आमचं काय?” कुणाचे गुण कमी होणार नाहीत असं मी म्हणाले. “गुणांचं नाही विचारत,” तो म्हणाला. त्याला पुढे काय म्हणायचं होतं ते त्याला जमलं नाही, पण मला समजलं. पाठ करताना त्याने माझ्यावर विश्वास टाकला होता.

तीन आठवडे मी त्या निकालासाठी गणपतीला नवस बोलत होते, असं म्हणणार होते. पण खरं तर मी काहीच बोलत नव्हते. दादाचा फोन आला तर उचलत नव्हते. नऊ राहिले तर काय, एवढं एकच डोक्यात. तिचे पक्के बारा मी माझ्या हाताने पुसले होते, आणि त्यातलं किती तिच्यासाठी आणि किती माझ्या मनाच्या स्वच्छतेसाठी, हे मला सांगता येत नव्हतं. आजही येत नाही.

चौदा मिळाले.

दुसऱ्या परीक्षकाने चौथ्या मुद्द्याला पूर्ण गुण दिले होते आणि पाचव्याला दोन. मी चिडून पाहिलेला पाचवा. सूचीवर रेघ मारताना त्याबद्दल मी एक शब्दही लिहिला नव्हता, कारण माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तिथेही मी काही कापलं आहे.

जायच्या आधी खोडरबर घरी आली. पेढ्याचा पुडा नाही, पाया पडणं नाही. दारातच उभी राहिली. मी आत ये म्हटलं तेव्हा आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

“बाई, एक विचारू?” या वेळी तिने ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. “तुम्ही आम्हाला वर्षभर शिकवलंत. माझ्या चार वह्या भरल्यात. त्यात आणखी काय काय असं आहे?”

“असं म्हणजे?”

“तुमच्या सोयीचं.”

ती चिडून बोलत नव्हती. तिला माहिती हवी होती. चार वह्या घेऊन ती उद्या निघणार होती आणि त्यातलं काय बरोबर न्यायचं ते तिला ठरवायचं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “माहीत असतं तर तेव्हाच शिकवलं नसतं.”

तिने जरा विचार केला आणि दप्तरातून पहिली वही काढून माझ्यासमोर टेबलावर उघडली. मग पेन काढलं, पेन्सिल नाही. पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

“हे तुम्हाला कशावरून वाटलं, ते सांगा,” ती म्हणाली. मी चष्मा शोधू लागले.